रणांगणावरची शुश्रूषा : झाशी, नाताळ आणि पुणे

(कात्रज येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कात्रजला बोलायला उभे राहिले की वक्त्याला घाटाची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. लाल महालावरच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना चुकीच्या वाटेला लावल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ‘कात्रजचा घाट दाखवणे’ हा वाक्प्रचार तर मराठी माणसाच्या जिभेवरच आहे. मला मात्र आज घाटापेक्षा तळ्याविषयी बोलायचे आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या सुमारास येथे तळे बांधून दगडी नळातून पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातील हौदांपर्यंत नेले. युद्धातील शुश्रूषेच्या विषयाशी तळ्याचा काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. संबंध आहे, आणि तो पुढे येईल.

युद्धाचा इतिहास आपण वाचतो तो लढणाऱ्यांचा. कोणी किती तोफा डागल्या, कोणता बुरूज कोणी सर केला, हे आपल्याला तपशीलवार सांगता येते. संध्याकाळी तोफा थंडावल्यावर पडलेल्या माणसाला पाणी कोणी पाजले, त्याला कोणी उचलले, त्याची जखम कोणी धुतली, हे विचारले की आपण अडखळतो. एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी साम्राज्य पसरत असताना जी युद्धे झाली, त्यांत हा प्रश्न आणखी अवघड होता. कारण जखमी कोणाचा आणि शुश्रूषा करणारा कोणाचा, हे पाहूनच औषध मिळत असे.

आपल्याकडे या गोष्टीची जाणीवच नव्हती असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. सभासदाची बखर काढून पाहावी. अफजलखानाच्या प्रसंगानंतर महाराजांनी काय केले ते सभासद सांगतो. जखमींना जखम पाहून पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे होन दिले. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले. ज्यांना मूल नव्हते त्यांच्या विधवांना वेतनाचा निम्मा भाग लावून दिला. आजच्या भाषेत हे निवृत्तिवेतन झाले. सतराव्या शतकातील राज्यव्यवस्थेत जखमेच्या प्रमाणात भरपाई ठरविलेली असावी, ही लहान गोष्ट नव्हे.

आता १८५७कडे येऊ. झाशीविषयी मराठी माणसाला जे जवळून माहीत आहे, त्याचा मोठा भाग एका गरीब भिक्षुकामुळे माहीत आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे आपल्या काकांबरोबर दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरातच होते. परत येताना त्यांनी काय आणले? वाटेत पुन्हा पुन्हा लुटले गेल्यावर धन उरलेच नव्हते. आईवडिलांना स्नान घालण्यासाठी खांद्यावरच्या कावडीतून गंगाजल आणले. उतारवयात त्यांनी आपली हकीकत लिहून काढली. चिंतामणराव वैद्यांनी ती १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली आणि पुढे १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती काढली. ज्यांच्या घरी हे पुस्तक नसेल त्यांनी ते अवश्य घ्यावे. लेखक विद्वान म्हणून लिहीत नाही, म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो. पंगतीत काय वाढले होते हेही तो सांगतो आणि रस्त्यावर प्रेते कशी पडली होती हेही सांगतो.

या पुस्तकातील लक्ष्मीबाई घोड्यावर बसलेल्या पुतळ्यातील लक्ष्मीबाईंहून थोड्या निराळ्या आहेत. एके दिवशी महालक्ष्मीच्या दर्शनाहून परतताना वाटेत गोरगरिबांची मोठी गर्दी झाली. काय मागतात म्हणून विचारले, तेव्हा कळले की थंडी कडाक्याची आहे आणि अंगावर वस्त्र नाही. बाईंनी हुकूम केला की शहरातील प्रत्येक गरिबाला टोपी, बंडी आणि घोंगडी द्यावी. शहरातील शिंप्यांना कामाला लावून ती वाटलीही गेली. लढाईच्या काळातही हाच स्वभाव दिसतो. जखमी शिपायांच्या जखमा बांधल्या जात तेव्हा बाई स्वतः तेथे जात, विचारपूस करीत, पाठीवरून हात फिरवीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा बुरुजावर चढायचे बळ शिपायाला कशातून येत होते, हे यावरून समजते.

मार्च १८५८च्या अखेरीस सर ह्यू रोजच्या सैन्याने झाशीला वेढा घातला. वेढ्यात शहरातील स्त्रिया तोफखान्याला दारूगोळा पोहोचवीत होत्या, पडलेल्या भिंती रचण्यास मदत करीत होत्या, हे बाहेरून दुर्बिणीतून पाहणाऱ्या इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. १ एप्रिलला बेतवेच्या काठी तात्या टोपे यांचा पराभव झाला, ३ एप्रिलला शहरावर हल्ला झाला आणि त्यानंतर झाशीत जी कत्तल आणि लूट झाली तिचे गोडशांनी केलेले वर्णन सलग वाचवत नाही. पराभूत शहरातील जखमींना रुग्णालय नव्हते. इंग्रजी सैन्याबरोबर शल्यवैद्य होते, औषधांच्या पेट्या होत्या. त्या त्यांच्या माणसांसाठी. गावातील वैद्य, हकीम आणि जखमा शिवणारे जर्राह यांच्यापैकी जे वाचले त्यांनी लपूनछपून जे केले असेल तेवढेच. त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

जूनमध्ये ग्वाल्हेरला राणी पडल्या. परंपरा सांगते की घायाळ राणींना गंगादास बाबांच्या मठात नेले, त्यांच्या मुखात गंगाजल घातले, साधूंनी त्यांचा देह इंग्रजांच्या हाती लागू दिला नाही आणि मठातील गवताच्या गंजीची चिता केली. त्या झुंजीत कामी आलेल्या साधूंची संख्या परंपरेने शेकड्यांत सांगितली जाते. आकड्याचा वाद इतिहासकारांवर सोपवू. शेवटच्या घटकेला शुश्रूषेचे ठिकाण म्हणून मठाचेच दार उघडले, एवढे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

येथे मला एका उपेक्षित माणसाविषयी बोलायचे आहे. तो म्हणजे डोलीवाला. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या सरकारच्या प्रत्येक मोहिमेत सैन्याच्या मागे डोल्या चालत. बांबूला टांगलेली, कापडाने झाकलेली ती डोली. एकेका डोलीला चार-सहा माणसे. आपल्याकडे ज्यांना भोई म्हणतात, उत्तरेत कहार म्हणतात, ती माणसे. हातात शस्त्र नाही, अंगावर गणवेश धड नाही, आणि काम काय, तर गोळ्या चालू असताना पडलेल्याला उचलून मैलोन्मैल वाहून नेणे. मे १८५८ मध्ये कोंच आणि काल्पीच्या लढायांत उन्हाचा तडाखा इतका होता की स्वतः रोज घोड्यावरून कोसळला, गोळीपेक्षा उन्हाने अधिक गोरे सैनिक आडवे केले. त्यांना छावणीत पोहोचविणारी माणसे त्याच उन्हात अनवाणी चालत होती. इंग्रजांमध्ये त्या काळी एक विनोद सांगत. भारतातील लढाईच्या बातमीत डोलीवाल्यांनी जखमींना नेल्याचे लिहिले होते. विलायतेत कोणा वक्त्याला वाटले की ‘डोली’ ही कोणी रानटी टोळी आहे आणि तिने डोंगरातून उतरून बिचाऱ्या जखमींना पळवून नेले! हसून सोडून देण्यासारखी गोष्ट आहे खरी. पण जो आपल्याला खांद्यावरून वाहून नेतो त्याचे नावही ठाऊक नसणे, हे साम्राज्याचे फार नेमके चित्र आहे. आणि आपणही त्यांची नावे कोठे जपली? भोयांच्या पराक्रमाचा पोवाडा कोणी रचला नाही.

आता तळ्याकडे वळतो. फ्लोरेन्स नाइटिंगेल हे नाव आपण शाळेत ऐकतो ते ‘दिवा घेतलेली स्त्री’ म्हणून. १८५४च्या नोव्हेंबरमध्ये त्या अडतीस परिचारिका घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. १८५५च्या फेब्रुवारीत त्या रुग्णालयात दर शंभरांतील बेचाळीस रुग्ण दगावत होते. गटारे साफ झाली, हवा खेळू लागली आणि जूनपर्यंत हे प्रमाण दोनवर आले. म्हणजे जीव वाचविले ते दिव्यापेक्षा अधिक झाडूने. १८५७ साली हिंदुस्थानात बंड उठले तेव्हा त्यांनी गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी कॅनिंग यांना कळविले की बोलावणे आले तर चोवीस तासांत निघते. बोलावणे गेले नाही, आणि त्या हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. मात्र पुढची चाळीस वर्षे त्यांच्या टेबलावर हिंदुस्थानचेच कागद होते.

हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करायला १८५९ मध्ये एक शाही आयोग नेमला गेला; त्याचा अहवाल १८६३ मध्ये आला. छावण्याछावण्यांतून आलेल्या माहितीचे गठ्ठे नाइटिंगेलबाईंनी स्वतः तपासले. निष्कर्ष काय निघाला? शांततेच्या काळातही दर हजार गोऱ्या सैनिकांमागे वर्षाला एकोणसत्तर मरत होते, ते बहुतांशी तलवारीने किंवा गोळीने मरत नव्हते. पटकी, हगवण, ताप. मारेकरी होते ते पाणी. दहा वर्षांनी, १८७३ मध्ये, त्यांनी लिहिले तेव्हा हे प्रमाण अठरावर उतरले होते. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो राज्यकर्त्यांना नको होता: छावणीच्या भिंतीबाहेर जे कोट्यवधी लोक राहतात, त्यांच्या पाण्याचे काय? पुण्यात शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी याचे उत्तर दगडात बांधून ठेवले होते, ते याच गावात. इंग्रजी अमदानीत सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून १८५०च्या सुमारास नदीवर बंधारा झाला, तो मुख्यतः लष्कर भागाच्या सोयीचा. शहर मात्र अनेक वर्षे कात्रजच्या हौदांवरच तगून होते.

नाइटिंगेलबाईंना पुण्याचे नाव अपरिचित नव्हते. १८७० साली सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेशी त्यांचा खेड्यांच्या आरोग्याविषयी पत्रव्यवहार होता. १८७६-७८च्या दुष्काळानंतर दक्षिणेतील शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावरही त्यांनी लिहिले. एका परकीय स्त्रीला रणांगणावरच्या जखमेपासून निघून शेतकऱ्याच्या कर्जापर्यंत येऊन पोहोचावेसे वाटले, याचे मला फार आश्चर्य वाटते. त्यांची राजनिष्ठा अखेरपर्यंत ब्रिटिश साम्राज्यावर होती, हे विसरण्याचे कारण नाही. पण शत्रुपक्षातील माणसाकडूनही शिकावे, असे आपल्याच नीतिशास्त्रात सांगितले आहे.

१८८८च्या आरंभी लष्करी रुग्णालयांसाठी प्रशिक्षित इंग्रज परिचारिकांची पहिली तुकडी मुंबई बंदरात उतरली. एकूण दहा जणी. त्यांचे काम गोऱ्या सैनिकांच्या रुग्णालयांत. देशी शिपाई आपापल्या पलटणीच्या दवाखान्यात, बहुधा आपल्याच एखाद्या सोबत्याच्या देखभालीत पडून राही. १८६४च्या जिनिव्हा कराराने जखमी सैनिक व त्याची शुश्रूषा करणारा यांना संरक्षण दिले खरे, परंतु तो करार सार्वभौम राष्ट्रांमधला होता. ज्यांचे राज्यच हिरावले गेले त्यांना त्या कागदावर जागा नव्हती.

मग आपण स्वतः काय करीत होतो? येथे थोडे कडू बोलणे भाग आहे. करुणा आपल्याकडे होती, दानधर्म होता, अन्नछत्रे होती, वैद्यक होते. परंतु अनोळखी माणसाचे मलमूत्र काढणे, परजातीच्या माणसाची पूयुक्त जखम धुणे, हे काम हलके मानले गेले होते. सुईण हलकी, जखम बांधणारा हलका, डोली उचलणारा हलका. ज्या समाजात शुश्रूषेला विटाळ चिकटतो, तेथे राणी एखाद्या जखमीच्या पाठीवर हात फिरवू शकते. पण राणी गेल्यावर ते काम चालू ठेवणारी शाळा उभी राहत नाही. मुंबईत १८९१ साली काशीबाई गणपत ही भारतीय स्त्री परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पुढे आली, याची नोंद मुद्दाम करावी लागते, यावरूनच त्या काळची स्थिती कळते.

पुण्याने याचा अनुभव १८९७ मध्ये घेतला. युद्ध नव्हते, प्लेग होता. पण बंदोबस्ताला गोरे सैनिक आणले होते, त्यामुळे लोकांना ते परचक्रच वाटले. टिळकांनी शहरात हिंदू प्लेग रुग्णालय उभारले, कारण सरकारी रुग्णालयात जाणे म्हणजे मरायला जाणे अशी लोकांची समजूत झाली होती. आणि हडपसरच्या बाजूला सावित्रीबाई फुले यांनी लष्करी वैद्यकीय सेवेत असलेल्या आपल्या दत्तक पुत्राला, डॉ. यशवंतांना, बोलावून दवाखाना सुरू केला. महार वस्तीतील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, तेथेच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ला त्यांचे देहावसान झाले. तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. मघाशी डोलीवाल्याविषयी बोललो. येथे एका वृद्ध स्त्रीची पाठ हीच डोली झाली होती.

यानंतर दोनच वर्षांत दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झाले. ऑक्टोबर १८९९. नाताळमधील हिंदी लोक म्हणजे उसाच्या मळ्यांवर करार करून नेलेले मजूर आणि त्यांच्यामागून गेलेले व्यापारी. गांधीजी तेथे वकिली करीत होते. त्याआधी १८९६ मध्ये ते पुण्याला येऊन टिळक, गोखले आणि भांडारकर यांना भेटून गेले होते, त्यामुळे पुण्याला त्यांचे नाव अनोळखी नव्हते. त्यांचे मन बोअरांच्या बाजूचे होते, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. तरीही त्यांचे म्हणणे असे की आपण प्रजा म्हणून हक्क मागतो, तर प्रजेचे कर्तव्यही केले पाहिजे. सरकारने आधी नकार दिला. पराभव होऊ लागल्यावर होकार दिला. काहींनी डॉ. बूथ यांच्याकडून प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले आणि सुमारे अकराशे जण उभे राहिले. त्यांतील तीनशे स्वतंत्र हिंदी आणि आठशे करारबद्ध मजूर. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, मद्रासी, बिहारी, गुजराती, सारे एका तुकडीत. डर्बनच्या हिंदी स्त्रियांनी जखमींसाठी उशांचे अभ्रे आणि हातरुमाल शिवून दिले, व्यापाऱ्यांनी माल दिला.

कोलेन्सोची लढाई १५ डिसेंबरला झाली, स्पिऑन कोपची जानेवारीच्या अखेरीस. गोळ्यांच्या टप्प्यात जाण्याचे बंधन या तुकडीवर नव्हते. स्पिऑन कोपला विचारणा झाली, तेव्हा ते तेथेही गेले. जखमींना खांद्यावरच्या झोळीतून एका दिवसात वीस-पंचवीस मैल नेले. त्यांत जनरल वुडगेटही होता. त्याच सुमारास वेढ्यात सापडलेल्या लेडीस्मिथमध्ये प्रभुसिंग नावाचा मजूर शत्रूच्या मोठ्या तोफेचा जाळ पाहताच घंटा वाजवून लोकांना सावध करीत उघड्यावर बसून होता. लेडी कर्झन यांनी त्याच्यासाठी हिंदुस्थानातून पोशाख पाठविला.

सेनापती बुलरने कौतुकाचा उल्लेख केला, सदतीस जणांना पदके मिळाली. हक्क? ते मिळाले नाहीत. १९०६ साली ट्रान्सवालमध्ये हिंदी लोकांच्या बोटांचे ठसे घेण्याचा कायदा पुढे आला. मग ती सेवा वाया गेली का? मला विचाराल तर राजकारण म्हणून तो हिशेब चुकला. सत्ताधीश उपकार स्मरून हक्क देत नाही. तो बळ पाहून देतो. परंतु अकराशे माणसांनी एकमेकांच्या जातीपातीला बाजूला सारून एका झोळीचे चार दांडे धरले, हे शिक्षण वाया गेले नाही. पुढच्या सत्याग्रहात याच समाजातील माणसे एकमेकांच्या शेजारी उभी राहिली.

त्याच १९०६ मध्ये झुलूंचे बंड मोडले जात असताना गांधीजींनी चोवीस जणांची लहान तुकडी नेली. तेथे त्यांच्या वाट्याला आले ते जखमी झुलू. त्यांतील अनेकांच्या जखमा लढाईच्या नव्हत्याच. संशयावरून धरून फटके मारलेल्यांच्या होत्या आणि त्या चिघळल्या होत्या. गोऱ्या परिचारकांना त्यांना हात लावायचा नव्हता. कुंपणापलीकडून गोरे सैनिक या हिंदी लोकांना जखमा धुवू नका म्हणून सांगत होते. ते धूतच राहिले. साम्राज्याच्या बाजूने गेलेली माणसे अखेर कोणाच्या उशाशी बसली, ते पाहावे.

या बोअर युद्धाचे एक टोक महाराष्ट्रातही आहे. पकडलेल्या बोअरांपैकी सुमारे नऊ हजारांना हिंदुस्थानात आणले, आणि त्यांच्या छावण्यांत आजचे अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाचे अहमदनगर, आणि सातारा ही दोन गावे होती. ते येथे कैदेत असताना त्यांच्या बायकामुलांचे आफ्रिकेतील छळछावण्यांत काय झाले, हे एमिली हॉबहाउस या इंग्रज स्त्रीनेच जगापुढे आणले. त्या छावण्यांत रोगराईने वीस हजारांहून अधिक बोअर स्त्रिया आणि मुले मेली, आणि काळ्या लोकांच्या निराळ्या छावण्यांत मेलेल्यांची धड मोजदादही झाली नाही. पुन्हा तेच: पाणी, दूध, घाण.

गांधीजी १९०२च्या आरंभी कलकत्त्यात गोखल्यांकडे महिनाभर राहिले आणि तेथे त्यांनी नाताळच्या या शुश्रूषा पथकावर व्याख्यान दिले. तीन वर्षांनी, १९०५ मध्ये, गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला. त्या समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर आणि न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुणे सेवासदनाची उभारणी केली. ज्या कामाला विटाळ चिकटला होता, तेच सेवासदनाने हाती घेतले. ब्राह्मण आणि इतर पांढरपेशा घरांतील स्त्रिया, त्यांत कित्येक विधवा, ससून रुग्णालयात परिचारिका आणि सुईण म्हणून शिकू लागल्या. घरचे नाराज, शेजारी टीका करणारे. परजातीच्या पुरुष रुग्णाला हात लावून आलेल्या मुलीला घरात कोठवर येऊ द्यायचे, हाच मोठा प्रश्न होता. म्हणून रमाबाईंनी या विद्यार्थिनींसाठी स्वतंत्र वसतिगृह काढले, आणि तेथे राहून त्या रोज ससूनला कामावर जाऊ लागल्या.